घरी बिअर : पहिल्या बॅचनंतर कळलेल्या गोष्टी (लांबलचक आहे, वेळ काढून वाचा)

हौशी_फेसाळ

लिहू लिहू म्हणत राहून गेलं होतं. आता पहिल्या बॅचच्या बाटल्या उघडून झाल्या, ओळखीच्यांनी पिऊन झाली आणि कोणी तोंड वाकडं केलं नाही, तेव्हा ताजं आहे तोवर लिहून टाकतो. साधी पेल एल (फिकट रंगाची बिअर), २० लिटर. माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) भरडून गरम पाण्यात मुरवायचा खटाटोप केला नाही, तयार सुकं माल्ट एक्स्ट्रॅक्ट (माल्टच्या गोड अर्काची पूड) आणलं, पावणेतीन किलोच्या आसपास, सोबत रंगाला आणि चवीला थोडं क्रिस्टल माल्ट भिजवून गाळून घेतलं. हॉप्स (बिअरला कडूपणा आणि सुवास देणारी फुलं) गोळ्यांच्या रूपातले, यीस्ट कोरडं, पाकिटातलं. रेसिपी मुद्दाम देत नाहीये, त्या पैशाला पासरी मिळतात.

आणि माझं मत विचाराल तर पहिल्या बॅचला रेसिपीने फार फरक पडतच नाही. बिअर यीस्ट करतं. आपण फक्त गोड-कडू पाणी उकळून त्याच्या हवाली करतो. पुढे त्याला किती अंशांवर ठेवलं आणि आपण मधे मधे किती नाक खुपसलं, यावर सगळा खेळ. कुठल्या जातीचे हॉप्स घेऊ यावर लोक रात्र रात्र वाद घालतात आणि मग तयार फर्मेंटर (बिअर आंबवायचं भांडं) घरातल्या सगळ्यात गरम खोलीत नेऊन ठेवतात.

स्वच्छतेबद्दल आधी. धुणं वेगळं आणि सॅनिटाइझ करणं वेगळं. धुतल्याने मळ जातो, सॅनिटायझरने उरलेसुरले जंतू मरतात, पण मळाचा थर असेल तर सॅनिटायझर त्याच्याखाली पोचतच नाही, म्हणून क्रम उलटा करून चालत नाही. उकळीच्या आधी लागणारं पातेलं, डाव, गाळणी वगैरे साधं स्वच्छ असलं तरी पुरे, उकळीत सगळं मरतंच. गॅस बंद केला की मात्र त्या क्षणापासून त्या द्रावाला जे जे शिवणार ते सगळं सॅनिटाइझ झालेलं पाहिजे. नळी, झाकण, एअरलॉक (गॅस बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी झडप), थर्मामीटर, अगदी यीस्टचं पाकीट कापायची कात्रीसुद्धा. फर्मेंटरला खाली नळ असेल तर तो खोलून सुटा करून धुवा, आतल्या आट्यांमधे जे साचतं ते बाहेरून दिसत नाही. प्लास्टिकच्या फर्मेंटरला तारेची घासणी लावू नका, ओरखडे पडले की त्यात जंतू घर करतात आणि मग कुठलंही सॅनिटायझर आणा.

उकळताना दोन गोष्टी. एक्स्ट्रॅक्ट घालायच्या आधी गॅस बंद करा, नीट विरघळवा, मग परत चालू करा, नाहीतर तळाला लागतं आणि जळका वास शेवटपर्यंत जात नाही. दुसरं म्हणजे पहिली उकळी येते तेव्हा प्रथिनांचा फेस असा झरकन वर येतो की फोन बघायला मान वळवलीत तर शेगडी गेली. पातेलं काठोकाठ भरू नका, त्या पाच मिनिटांत तिथून हलू नका, तो फेस एकदा खाली बसला की मग निवांत. झाकण ठेवू नका, माल्टमधले काही नको असलेले वास वाफेबरोबर जायचे असतात. कडूपणाचे हॉप्स तासभर उकळायचे, वासाचे शेवटच्या पाच-दहा मिनिटांत, कारण कडूपणा उकळल्यावरच उतरतो आणि सुवास उकळल्यावर उडून जातो.

मग थंड करणं. बर्फाच्या पाण्यात पातेलं बुडवून ठेवलं, बाहेरचं पाणी हलवत राहिलो, दोनदा बदललं. २० अंशांच्या जवळ आल्याशिवाय यीस्ट घालायचं नाही. फर्मेंटरमधे ओतताना उंचावरून, चांगलं खळखळ फेस होऊ देऊन ओता, यीस्टला सुरुवातीला ऑक्सिजन लागतो. ही हवा घालायची पहिली आणि शेवटची वेळ. एकदा फर्मेंटेशन सुरू झालं की नंतर जेवढी हवा तेवढी बिअर शिळी लागणार, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी चव येते.

आणि तापमान. एल यीस्टला साधारण १८ ते २० अंश मानवतात. इथे मेख अशी की हे खोलीचं नाही, आतल्या द्रावाचं तापमान. यीस्ट काम करायला लागलं की स्वतः उष्णता सोडतं, जोरात असताना आतलं तापमान खोलीपेक्षा तीन-चार अंशांनी सहज वर असतं. मी फर्मेंटरच्या अंगाला चिकटपट्टीचा थर्मामीटर लावला होता म्हणून कळलं. उपाय साधा आहे, मोठ्या टबात पाणी, त्यात फर्मेंटर, अंगाभोवती ओला टॉवेल ज्याचं टोक पाण्यात, आणि टबात बर्फ केलेल्या पाण्याच्या बाटल्या आलटून पालटून. पहिले तीन-चार दिवस एवढं सांभाळलं की अर्धी लढाई जिंकली.

बाकी बाटल्या, साखर वगैरे प्रतिसादांत येईलच, माझी बोटं दुखायला लागली.

जुना_हॉपवाला

मस्त धागा, वाचनखूण साठवली. तापमानाबद्दल शंभर टक्के सहमत.

एकच भर. हायड्रोमीटर (द्रावाची घनता, म्हणजे ग्रॅव्हिटी, मोजायचं साधन; साखर संपत जाते तसा आकडा उतरतो) घ्या, आणि तो वापरा. नव्या लोकांना एअरलॉकचे बुडबुडे बघत बसायची सवय लागते आणि बुडबुडे थांबले की झालं असं वाटतं. बुडबुडे थांबायला झाकण नीट न बसणं पुरतं, गॅस तिथून निघून जातो आणि एअरलॉक पहिल्यापासून मेल्यासारखा पडून राहतो, आत मात्र यीस्ट जोरात असतं. उलटही होतं, सगळं संपल्यावर नुसती खोली तापली तरी विरघळलेला गॅस बाहेर येतो आणि बुडबुडे परत सुरू होतात.

सुरुवातीला १.०५० आणि शेवटी १.०१२ आलं तर फरक ०.०३८, गुणिले १३१.२५ केलं की ५ टक्के अल्कोहोल. हे गणित सगळ्यांनाच आवडतं, पण हायड्रोमीटरचा खरा उपयोग काम संपलं का हे सांगण्याचा आहे. दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली दोन रीडिंग सारखी आली आणि अपेक्षित आकड्याजवळ असली की संपलं. सँपल परत फर्मेंटरमधे ओतायचं नाही, प्यायचं, चव कशी बदलत जाते ते कळतं.

आणखी एक, एक्स्ट्रॅक्टवाले लोक अर्ध्या पाण्यात उकळून नंतर वरून साधं पाणी घालून २० लिटर करतात. ते नीट मिसळत नाही, जड द्राव खाली बसतो आणि मग सुरुवातीचं रीडिंग १.०३० किंवा १.०७० असं काहीही येतं. घाबरू नका. एक्स्ट्रॅक्टचं वजन आणि एकूण लिटर बरोबर असतील तर आकडा ठरलेलाच असतो, पावणेतीन किलो सुकं आणि २० लिटर म्हणजे १.०५० च्या आसपास. गरम द्रावात घेतलेलं रीडिंगही कमी दाखवतं, बरेच हायड्रोमीटर २० अंशांसाठी बनवलेले असतात.

झटपट_राव

धागा चांगला आहे पण हे सॅनिटायझरचं जरा अतीच होतंय असं नाही वाटत का? हजारो वर्षं लोक मातीच्या भांड्यात बिअर करत होते, त्यांच्याकडे कुठलं सॅनिटायझर होतं? मी गरम पाण्याने खळबळून घेतो आणि आजवर काही बिघडलं नाही. नव्या माणसाला एवढी यादी दिली तर तो सुरूच करणार नाही.

रसायन_मास्तर

@झटपट_राव, हजारो वर्षं लोक करत होते हे खरं, पण ती बिअर बऱ्याचदा आंबट व्हायची आणि लवकर संपवली जायची हेही खरं. १५१६ च्या बव्हेरियाच्या प्रसिद्ध नियमात बिअरमधे फक्त बार्ली, हॉप्स आणि पाणी असावं असं आहे, यीस्टचा उल्लेखच नाही, आणि तो एक सूक्ष्मजीव आहे हे तेव्हा कोणाला माहीतच नव्हतं. बिअर बिघडते ती सूक्ष्मजीवांमुळे हे पाश्चरने १८७० च्या दशकात दाखवलं, आणि १८८३ मधे कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सेनने यीस्टची एकच शुद्ध जात वेगळी काढून वाढवली. म्हणजे तुम्ही पाकीट फोडून जे टाकता त्याची परंपरा दीडशे वर्षांच्या आतली आहे. त्या आधी बॅच फसली की नशीब म्हणायचे.

तुमचं बिघडलं नाही कारण निरोगी यीस्ट भरपूर घातलं की तेच बाकीच्यांना जागा देत नाही. पण ते नशिबावर आहे. आयोडोफोर किंवा फॉस्फोरिक आम्लवालं न धुता चालणारं सॅनिटायझर, दोन मिनिटं ओलं ठेवायचं, झालं, उकळतं पाणी सांडण्यापेक्षा कमी कष्ट आहेत. फेस राहिला तर राहू द्या, धुवायला गेलात तर नळाच्या पाण्यातले जंतू परत चढवाल. सॅनिटायझर म्हणून कपडे धुवायचं ब्लीच वापरायचं असेल तर मात्र अगदी विरळ करून आणि नंतर उकळून गार केलेल्या पाण्याने खूप वेळा धुवा, कारण क्लोरीन राहिलं की माल्टमधल्या फिनॉलशी जुळून दवाखान्यासारखा, बँडेजसारखा वास येतो. अतिशय थोडं पुरतं आणि तो वास कधीच जात नाही.

तेच नळाच्या पाण्याचं. क्लोरीन उकळीत उडून जातं, क्लोरामीन जात नाही. तुमच्याकडे पाण्यात क्लोरामीन घालत असतील तर मेटाबायसल्फाइटची कॅम्डेन गोळी, २० लिटरला पाव गोळी, चुरून टाकली की काही मिनिटांत काम होतं. वरून साधं पाणी घालणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवा, ते पाणी उकळलेलं नसतं.

झटपट_राव

पाव गोळी करून बघतो. बाकी माझं मत कायम :)

बुडबुडे_मोजणारा

नमस्कार, इथे पहिलाच प्रतिसाद. माझी पहिली बॅच सध्या चालू आहे. पहिले दोन दिवस एअरलॉक असा वाजत होता की झोप लागेना, मग एकदम थंड पडला. आता चौथा दिवस. खोली २७ अंश आहे. मी उद्या बाटल्या भरू का? साहित्य सगळं आणून ठेवलंय. आणि आत्ता हा धागा वाचून फर्मेंटर टबात ठेवून बर्फाच्या बाटल्या टाकायचा विचार करतोय, बरोबर ना?

जुना_हॉपवाला

दोन्ही नको!!

आधी बर्फ. जी चव बिघडायची ती पहिल्या दोन-तीन दिवसांत यीस्ट वाढत असताना बिघडते. ती वेळ गेली. आता एकदम गार केलंत तर यीस्ट झोपी जाईल आणि उरलेलं काम अर्धवट राहील, म्हणजे तेलही गेलं तूपही गेलं. आहे तिथेच असू द्या, फक्त उन्हात नको.

बाटल्या तर अजिबात नको. हायड्रोमीटर आहे का? रीडिंग टाका.

बुडबुडे_मोजणारा

आहे. आत्ता घेतलं, १.०२०. सुरुवातीचं १.०४८ होतं.

रसायन_मास्तर

मग हा हिशोब बघा. फर्मेंटेशनमधे ग्रॅव्हिटीचा एक पॉइंट उतरला, म्हणजे १.०१३ चं १.०१२ झालं, की साधारण अर्धा व्हॉल्यूम कार्बन डायऑक्साइड तयार होतो (एक व्हॉल्यूम म्हणजे एक लिटर बिअरला एक लिटर गॅस). नेहमीच्या बाटलीबंद एलमधे एकूण अडीच व्हॉल्यूमच्या आतबाहेर असतो. तुम्ही १.०२० वर बाटल्या भरल्या आणि बाटलीत ते १.०१२ पर्यंत उतरलं तर आठ पॉइंट, म्हणजे चार व्हॉल्यूम, वर बाटलीत गॅस व्हावा म्हणून तुम्ही घातलेल्या साखरेचे दीड आणि आधीच विरघळलेला पाऊण-एक. सहाच्या वर गेलं. साध्या बिअरच्या बाटल्या यासाठी नसतात. त्या फुटतात, आणि एक फुटली की तिच्या काचा शेजारच्या बाटल्यांना लागतात. हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही, काचा भिंतीत घुसलेल्या आहेत लोकांच्या.

हौशी_फेसाळ

@बुडबुडे_मोजणारा, साहित्य आणून ठेवलं की हात शिवशिवतात हे कळतं, पण झाकण उघडू नका, आठवडाभर विसरून जा. १.०२० वर एक्स्ट्रॅक्टच्या बॅच बऱ्याच वेळा रेंगाळतात. फर्मेंटर झाकण बंद ठेवूनच हळूच गोल फिरवा, खाली बसलेलं यीस्ट वर येऊ द्या. फेस होईल असं हलवू नका.

आणि सध्या चव कशी आहे ते सांगा ना.

बुडबुडे_मोजणारा

केळ्याचा वास येतोय, बराच. आणि मागून जरा हिरव्या सफरचंदासारखं. घशाला किंचित गरम लागतं. फेकायची का?

रसायन_मास्तर

बिअर फेकायची घाई कधीच करू नका. एकेक करून बघू.

केळ्याचा वास म्हणजे आयसोअमाइल ॲसिटेट नावाचं एस्टर. गरम फर्मेंटेशनची खूण. काही जर्मन गव्हाच्या बिअरमधे तो मुद्दाम आणतात, तुमच्या पेल एलमधे पाहुणा म्हणून आलाय. थोडा कमी होईल, पूर्ण जाणार नाही. घशाला गरम लागतं ते फ्यूजेल अल्कोहोल, तेही गरमीचंच अपत्य, ते फारसं जात नाही. २७ ची खोली म्हणजे आत तीसच्या घरात गेलं असणार.

हिरवं सफरचंद मात्र चांगली बातमी आहे. ते ॲसिटाल्डिहाइड, अल्कोहोल व्हायच्या आधीची पायरी, म्हणजे बिअर अजून कच्ची आहे एवढाच त्याचा अर्थ. यीस्ट स्वतःच ते परत शोषून घेतं, त्याला वेळ द्या. लोण्यासारखा वास आला असता तर तो डायअसिटिल, त्याचंही तेच, शेवटी दोन-तीन दिवस जरा उबदार ठेवलं की यीस्ट साफ करून टाकतं. म्हणून घाईने यीस्टवरून उपसलेली बिअर कच्ची लागते. लवकर उपसून दुसऱ्या भांड्यात ठेवायची जुनी पद्धत पुस्तकांत अजून सापडते, साध्या एलला तिची गरज नाही. दोन-तीन आठवडे यीस्टवर राहिल्याने काही होत नाही, उलट फायदाच.

जुना_हॉपवाला

दुसऱ्या भांड्याबद्दल +१. एक जास्तीचं भांडं म्हणजे जास्तीची हवा आणि धुवायला जास्तीची नळी.

घरची_तपासनीस

मी बिअर करत नाही, आमच्याकडे नवरा करतोय आणि मी हा धागा त्याच्या पाठीमागून वाचतेय. दोन प्रश्न. हे पिऊन विषबाधा वगैरे होऊ शकते का, मिथेनॉलने डोळे जातात असं ऐकलं आहे. आणि फर्मेंटर झाकलेल्या कपाटात ठेवलाय, घरात कुत्रा आहे, काही काळजी?

रसायन_मास्तर

ताई, चांगले प्रश्न. मिथेनॉलची भीती बिअरला लागू नाही. धान्यापासून नुसतं फर्मेंटेशन केलं तर ते नगण्य असतं. विषारी दारूच्या बातम्या असतात त्या भेसळीच्या किंवा घरी ऊर्ध्वपातन केलेल्या दारूच्या, त्या वाटेला जाऊच नये, बहुतेक ठिकाणी बेकायदाही आहे. (बिअरबद्दलसुद्धा आपापल्या ठिकाणचा कायदा पाहून घ्यावा, काही ठिकाणी स्वतःपुरती चालते, काही ठिकाणी तेही नाही.) फर्मेंट झालेल्या बिअरमधे आजार करणारे जंतू सहसा टिकत नाहीत, अल्कोहोल आहे, हॉप्स आहेत आणि पीएच चार-साडेचारच्या आसपास. बिघडलेली बिअर आंबट लागेल, घाण लागेल, पण ती प्यायल्याने माणूस आडवा होत नाही. अपवाद एकच, यीस्ट न घातलेला उकळलेला द्राव बंद डब्यात दिवसेंदिवस साठवू नका, त्यात वरचं एकही संरक्षण नसतं.

अवांतर : पीएच ही मोजपट्टीसुद्धा त्याच कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसेनने १९०९ मधे आणली. बिअरवाल्यांनी विज्ञानाचं बरंच भलं केलंय.

कुत्र्याचं मात्र गांभीर्याने घ्या. हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात, उकळलेला चोथासुद्धा. खाल्ला तर अंगाचं तापमान भयंकर वाढतं, जीव जाऊ शकतो. गोड माल्टच्या वासाने ते चोथा आवडीने खातात. उघड्या कचऱ्यात, बागेत टाकू नका.

घरची_तपासनीस

बाप रे, हे कुठल्याच व्हिडिओत सांगितलेलं नव्हतं. चोथा काल मीच कुंड्यांमधे घातला. उठले, काढून आले. आभार.

हौशी_फेसाळ

आणि कपाट उघडमीट करत राहा, गॅस साठतो. फर्मेंटर घट्ट बंद मात्र कधीच नको, गॅसला वाट हवीच. फेस जास्त येऊन एअरलॉक तुंबला तर तो काढून जाड नळी लावा आणि तिचं दुसरं टोक सॅनिटायझरच्या बाटलीत बुडवा. तुंबलेला एअरलॉक तसाच राहिला तर झाकण छताला जाऊन लागतं आणि मग नवऱ्याशी तुमचं जे बोलणं होईल ते इथे लिहा.

झटपट_राव

लोल. तपासनीस ताईंच्या पुढच्या प्रतिसादाच्या प्रतीक्षेत.

बुडबुडे_मोजणारा

परत आलो. तुमचं ऐकलं, गोल फिरवून ठेवून दिलं, उघडलं नाही. मधे एकदा १.०१४ आलं, मग १.०१२, आणि आज परत १.०१२. सफरचंद गायब! केळं आहे, पण आधीसारखं अंगावर येत नाही. आता बाटल्या? साखर प्रत्येक बाटलीत चमच्याने घालू की एकत्र?

जुना_हॉपवाला

आता भरा :)

साखर एकत्र. चमच्याने घालताना एका बाटलीत जास्त एकीत कमी होतं, मग एक सपाट आणि एक कारंजं. लिटरला ६ ग्रॅम धरा. फर्मेंटरमधे प्रत्यक्ष किती बिअर आहे ते बघून, खालचा गाळ सोडून. १८ लिटर निघणार असेल तर १०८ ग्रॅम, २० चं गणित लावू नका. वजनकाट्यावर मोजा, कपाने नाही. थोड्या पाण्यात उकळून, गार करून, रिकाम्या स्वच्छ डब्याच्या तळाला ओता आणि वर नळीने बिअर सोडा, नळीचं टोक तळाशी बुडलेलं ठेवा म्हणजे गोल फिरत फिरत मिसळते आणि हवा मिसळत नाही. शेवटी सॅनिटाइझ केलेल्या डावाने एकदा सावकाश ढवळा.

हौशी_फेसाळ

बाटल्यांबद्दल माझे दोन शब्द. पातळ काचेच्या सरबताच्या वगैरे बाटल्या नकोत, आणि पिळून उघडायच्या झाकणाच्याही नकोत, त्यांच्यावर क्राउन (पत्र्याचं दातेरी) झाकण घट्ट बसत नाही. तपकिरी बाटल्या घ्या. उजेडाने हॉप्समधला घटक मोडून असा वास येतो की विचारू नका, पारदर्शक बाटलीला त्यासाठी थेट ऊन काही मिनिटंच पुरतं, हिरवीही फारशी कामाची नाही. बाटली रिकामी केल्या केल्या धुतली तर तीस सेकंदांचं काम, नाहीतर तळाशी वाळलेलं यीस्ट खरवडत बसा, सगळ्या प्रकारात वैताग फक्त बाटल्या धुण्याचा आहे आणि तो कोणी आधी सांगत नाही.

वर दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडा. आणि दोन-तीन प्लास्टिकच्या सोड्याच्या बाटल्या जरूर भरा. त्या दाबून कळतं गॅस किती झालाय ते, टणक झाल्या की बाकीच्याही तयार. काचेची बाटली बाहेरून काहीच सांगत नाही. सगळा साठा झाकणाच्या खोक्यात, माणसांच्या वावरापासून लांब.

बुडबुडे_मोजणारा

भरल्या. किती दिवस थांबू? (हा प्रश्न मीच विचारणार हे तुम्हाला माहीत होतंच)

जुना_हॉपवाला

२० अंशांच्या वर असेल तर दोन आठवडे, गार खोलीत तीन. लगेच फ्रिजमधे टाकू नका, यीस्ट झोपेल आणि गॅस होणारच नाही. गॅस झाल्यावर मात्र प्यायच्या आधी दोन-तीन दिवस फ्रिजमधे उभी ठेवा, गॅस द्रावात नीट मुरतो आणि गाळ तळाला घट्ट बसतो. ओतताना एका दमात ओता, शेवटचं बोटभर बाटलीतच सोडा. एखादी उघडल्यावर उसळून बाहेर आली तर बाकीच्या आधी गार करा, मग टॉवेल गुंडाळून एकेक उघडून दाब सोडा. सगळ्या उसळल्या तर साखर जास्त किंवा घाई, एखाददुसरीच उसळली तर ती बाटली नीट धुतलेली नव्हती.

घरची_तपासनीस

अपडेट. झाकण छताला लागलं नाही. पण नवऱ्याने चौथ्या दिवशी "फक्त वास घेतो" म्हणून झाकण उघडलं, तो इथलं वाचत नाही, मी वाचते. वर पांढरट सायीसारखं काहीतरी आणि खाली तपकिरी बुळबुळीत. बिघडली ना?

रसायन_मास्तर

नाही ताई, ते यीस्टचा फेस खाली बसतानाचं रूप आहे, क्राउझन म्हणतात, सगळ्यांचं असंच घाणेरडं दिसतं. बिघाड असेल तर सुरकुतलेला, कोरडा, बुडबुडे अडकलेला पापुद्रा पूर्ण पृष्ठभागावर दिसेल, किंवा केसाळ हिरवी-काळी बुरशी. बुरशी असेल तरच ओतून द्या. एकदा उघडल्याने आभाळ कोसळत नाही, पण आता त्या झाकणावर तुमचीच नजर असू द्या.

बुडबुडे_मोजणारा

एक शेवटचं, फर्मेंटरच्या तळाशी जो जाड मऊ गाळ उरला तो पुढच्या बॅचला वापरता येतो असं वाचलं. टाकून दिला नाहीये, झाकून ठेवलाय. चालेल?

जुना_हॉपवाला

चालतो, पण तुमचा नको. ३० अंशांवर ताण सोसलेलं यीस्ट आहे ते. पुढच्या वेळी १९ वर नीट ठेवा, त्या बॅचचा गाळ सॅनिटाइझ केलेल्या बरणीत, झाकण सैल ठेवून फ्रिजमधे, आणि दोन आठवड्यांच्या आत वापरा. आत्ता नवं पाकीट फोडा. ११ ग्रॅमचं पाकीट २० लिटरला पुरतं.

बुडबुडे_मोजणारा

ठीक, गाळ ओतला. टब आणायला निघालोय, केवढा लागेल? फर्मेंटर ३० लिटरचा आहे.

हौशी_फेसाळ

फर्मेंटरच्या निम्म्या उंचीपर्यंत पाणी येईल एवढा खोल घ्या, आणि बाजूला बर्फाच्या दोन बाटल्या उभ्या राहतील एवढी जागा. भरल्यावर उचलायचा नाही हे लक्षात घेऊन आधी जागा ठरवा.